आकडा छापण्याआधी एकदा स्लाइड पाहा

महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचे चालक, तिथे काम करणारे टेक्निशियन भाऊ-बहिणी आणि रिपोर्टवर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून सरकारी नोकरीत लागले, एकतीस वर्षं ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काढली आणि निवृत्त झाले. नोकरीला लागले तेव्हा प्लेटलेट मोजायच्या म्हणजे पिपेट, अमोनियम ऑक्झलेट आणि न्यूबावर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकोन आखलेली काच. निवृत्त झाले तेव्हा मशीन एका मिनिटात वीस-बावीस आकडे छापून देत होतं. दोन्ही काळ हाताने अनुभवले, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करते. मागणं एकच आहे. एखाद्या माणसाच्या प्लेटलेट पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आल्या, तर तो आकडा लॅबबाहेर जाण्याआधी त्याच्या रक्ताची स्लाइड, म्हणजे काचपट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब, कुणीतरी मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी पाहावी, आणि पाहिल्याचं रिपोर्टवर एका ओळीत लिहावं.

हे मागायला मला माझ्या भाचीने भाग पाडलं. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. नववा महिना लागला आणि नेहमीच्या तपासण्यांत प्लेटलेट आल्या ३८,०००. चौथ्या महिन्यात त्याच दोन लाखांच्या पुढे होत्या. डॉक्टर मॅडमनी काळजीपोटी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलं. तिथलं रक्त कलेक्शन सेंटरवर काढलं गेलं, बर्फाच्या डब्यातून मोटरसायकलवरून शहरात गेलं आणि चार तासांनी मशीनला लागलं. आकडा आला २७,०००. घरच्यांनी त्याचा अर्थ एकच लावला, की सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा हजार पेशी उतरल्या. जावयांचा मला फोन आला, "मावशी, पेशी सत्तावीस हजारांवर आल्यात, आणि अजून उतरतायत." मी तेव्हा मुलाकडे नागपूरला होते. मी विचारलं, अंगावर कुठे लाल ठिपके आलेत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, बीपी वाढलंय का, लघवीतून प्रोटीन जातंय का. सगळ्याला "नाही" असं उत्तर आलं. एवढं ऐकल्यावर माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप निघायला हवा होता, "स्लाइड पाहिली का?" तो निघाला नाही. लेकीसारखी पोरगी, पोटात बाळ, माझंही डोकं त्या आकड्यावरच अडकलं. एकतीस वर्षं हेच काम करून मी तो प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढचं सगळं त्या आकड्याच्या मागे धावत झालं. ॲम्ब्युलन्समधून शहरात नेलं. गावातली चार पोरं रक्तपेढीत प्लेटलेट द्यायला उभी राहिली. एक बाटली चढवली, तेव्हा भाचीला थंडी वाजून हुडहुडी भरली. चढवून झाल्यावर पुन्हा मोजल्या तर ३१,०००. म्हणजे "चढवूनसुद्धा वाढत नाहीत". स्टेरॉइड सुरू झालं. पाठीत भूल द्यायची तर मणक्यात रक्त साकळण्याची भीती, म्हणून पूर्ण भूल देऊन ठरवून सिझेरियन केलं. बाळ रडलं तेव्हा आई शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पोहोचले. तिथल्या लॅबमधल्या टेक्निशियन मुलाला म्हटलं, "बाळा, हिची एक स्लाइड ओढशील का?" त्याने ओढली, लिशमनचा रंग दिला, आणि आम्ही दोघांनी पाहिलं. फिल्मच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या, शेपटीकडे, जिथे थर विरळ होत जातो, तिथे जांभळ्या खसखशीचे ढीग घातल्यासारख्या प्लेटलेटच्या गुठळ्या होत्या. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नवं रक्त घेतलं आणि लगेच मशीनला लावलं. १,८४,०००. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, म्हणून १.१ ने गुणायचं. दोन लाख दोन हजार. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिच्या अंगात प्लेटलेट पहिल्यापासून पुरेशा होत्या, त्या फक्त आपल्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटत होत्या.

यात मी कुणा एका लॅबला किंवा डॉक्टरला दोष देत नाही. त्यांच्या हातात जो कागद आला, त्यावरून त्यांनी जे केलं ते भीतीपोटी आणि काळजीपोटीच केलं. दोष त्या कागदात होता, आणि तो कागद आपण तयार करतो.

तुम्हाला हे माहीत आहे, तरी नव्याने या धंद्यात आलेल्यांसाठी सांगते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण कॅल्शियम गेलं की प्लेटलेटच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात त्या उघड्या भागाला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं असतात. शरीराच्या आत ती काही करत नाहीत. ट्यूबमध्ये मात्र प्लेटलेट एकत्र बांधून टाकतात. वेळ जाईल आणि रक्त थंड होईल तशा गुठळ्या वाढतात. भाचीचा आकडा ३८,००० वरून २७,००० वर का आला, याचं उत्तर बर्फाच्या डब्यात आणि त्या चार तासांत होतं. असं हजारात साधारण एका माणसाचं होतं. हजारात एक म्हणजे थोडं वाटतं. रोज दीडशे सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) करणाऱ्या लॅबमध्ये आठवड्याला एक असा माणूस येऊन जातो.

आणि हे झालं फक्त प्रतिपिंडांचं. शीर सापडली नाही, सुई दोनदा फिरवली, रक्त थेंब थेंब आलं, ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही किंवा भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी केली नाही, तरी गुठळ्या होतात. लहान मुलांत तर सर्रास. या गुठळ्यांना हजारात एकाचा हिशेब लागू नाही, त्या आपल्या हातावर अवलंबून आहेत.

बिझोझेरो नावाच्या इटालियन डॉक्टरने १८८२ मध्ये या पेशींचं सविस्तर वर्णन केलं. प्राण्याच्या जिवंत रक्तवाहिनीत त्याने पाहिलं, की भिंतीला इजा झाली की या चकत्या आधी तिथे जाऊन चिकटतात, मग एकमेकींना चिकटतात, आणि त्यांचा बांध तयार होतो. चिकटणं हाच त्यांचा धर्म. दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा, त्याला केंद्रक नाही, सात ते दहा दिवसांचं आयुष्य, आणि काम एवढंच, की संधी मिळताच चिकटायचं. आपण त्यांना शिरेतून बाहेर काढतो, सुईतून ओढतो, प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये भरतो आणि म्हणतो, सुट्या राहा, मोजू द्या. रक्तातल्या सगळ्या पेशींत मोजायला सगळ्यात अवघड म्हणून यांची ख्याती आहे, त्याचं कारण हे.

आता मशीनचं. आपल्याकडच्या बहुतेक थ्री पार्ट मशीन (पांढऱ्या पेशींचे तीनच गट पाडणारी) अजून कोल्टर या अमेरिकन संशोधकाच्याच तत्त्वावर चालतात. त्याला पेटंट मिळालं १९५३ मध्ये. बारीक छिद्र, त्यातून वीजप्रवाह, आणि पातळ केलेलं रक्त त्या छिद्रातून ओढायचं. पेशी छिद्रातून गेली की प्रवाहाला अडथळा होतो. अडथळा जेवढा मोठा, तेवढी पेशी मोठी. साधारण २ ते २० फेमटोलिटरमधलं जे काही असेल ते मशीन प्लेटलेट म्हणून मोजतं, त्याहून मोठं ते लाल पेशीत धरतं. मशीनला पेशी दिसत नाही, फक्त तिचं माप कळतं. दहा प्लेटलेटची गुठळी त्याच्या लेखी प्लेटलेट राहत नाही. ती फार मोठी झाली तर पांढऱ्या पेशींत मोजली जाते. म्हणून अशा रिपोर्टवर कधी कधी प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, आणि डॉक्टर जंतुसंसर्ग शोधत बसतात.

उलटही होतं, आणि ते जास्त घातक. खूप अशक्त, लोह कमी असलेल्या बाईच्या लाल पेशी इतक्या लहान असतात, की त्यातल्या काही प्लेटलेटच्या मापात बसतात. भाजलेल्या रुग्णाच्या लाल पेशींचे तुकडे होतात, तेही बसतात. मी नोकरीत असताना एका भाजलेल्या माणसाचा काउंट मशीनने १,१०,००० दिला होता. स्लाइडवर एका फील्डमध्ये (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात) जेमतेम दोन-तीन प्लेटलेट दिसत होत्या, आणि भोवती लाल पेशींचा चुरा. खरा आकडा चाळीस हजारांच्या आसपास होता. ज्या आजारांत लाल पेशी फुटतात, त्यातल्या काहींत प्लेटलेटही खरोखर उतरतात. म्हणजे जिथे धोका खरा, तिथेच मशीन धीर देतं.

तिसरा प्रकार मला सराफकट्ट्यावरच्या कारागिरांनी शिकवला. आपल्याकडच्या सराफ बाजारांत बंगालमधून आलेली बरीच मुलं सोन्याचं काम करतात. त्यातला एक पोरगा किरकोळ तापासाठी आला, काउंट ७०,०००. ताप गेला, काउंट तसाच. महिन्याने तसाच. पोरगा ठणठणीत, कुठे रक्त येत नाही, लहानपणी हात कापला तेव्हाही नेहमीसारखं थांबलेलं. स्लाइडवर पाहिलं तर त्याच्या प्लेटलेट भल्या मोठ्या, काही तर लाल पेशीएवढ्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी पश्चिम बंगालच्या रक्तदात्यांमध्ये हे पाहून नोंदवून ठेवलं आहे. प्लेटलेट संख्येने कमी, आकाराने मोठ्या, आणि त्रास काही नाही. त्याला हॅरिस सिंड्रोम असं नाव पडलं आहे. अशा माणसाला "आयटीपी" (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार) म्हणून महिनोन् महिने स्टेरॉइड देणं म्हणजे निरोगी माणसाला आजारी पाडणं. रिपोर्टवर "प्लेटलेट आकाराने मोठ्या" एवढे शब्द असते, तर डॉक्टरांनी नक्कीच थांबून विचार केला असता.

मशीन काहीच सांगत नाही असं नाही. ते आपल्या परीने ओरडत असतं. प्लेटलेटचा आलेख शेवटी खाली यायला हवा, तो वरच अडकतो, करवतीच्या दात्यांसारखा होतो. बाजूला खूण येते, गुठळ्यांचा इशारा येतो. पण हे सगळं मशीनमधून निघालेल्या पट्टीवर राहतं. आपण काय करतो? त्यातले आकडे उचलून कॉम्प्युटरवर लेटरहेडमध्ये भरतो, सही उमटवतो आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. आलेख राहिला लॅबमध्ये, इशारा राहिला लॅबमध्ये, रुग्णाच्या हातात गेला उघडा आकडा. आणि तो ठळक लाल अक्षरांत, कारण सॉफ्टवेअरला कमी आकडा ठळक करायला शिकवलं आहे.

कमी आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट, जी चेंबरवर काम केलेल्यांना आपोआप कळायची. एकास वीस पातळ करून, ओल्या कागदाच्या पेट्रीडिशमध्ये चेंबर वीस मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे पेशी खाली बसतात. मग मधल्या पंचवीस चौकोनांतल्या पाचांत मोजायच्या आणि हजाराने गुणायचं. दोन लाख असतील तर दोनशे पेशी सापडतात. वीस हजार असतील तर फक्त वीस. आणि वीस मोजायच्या म्हटलं, की कुठल्या चौकोनात किती पडतील हा निव्वळ योगायोग. तोच चार-साडेचारचा फरक पाडतो. एकदा सोळा, एकदा पंचवीस. म्हणजे एकाच रक्ताचे सोळा हजार आणि पंचवीस हजार, दोन्ही प्रामाणिकपणे मोजलेले. मशीन कितीतरी जास्त पेशी मोजतं, म्हणून त्याचा फरक कमी असतो, पण तत्त्व सुटत नाही. आकडा जितका खाली, तितका तो थरथरतो. त्यात सकाळी ब्लँक लावलं नसेल, म्हणजे रक्ताशिवाय मशीन चालवून पाहिलं नसेल, डायल्युएंटमध्ये (रक्त पातळ करायच्या द्रवात) धूळ किंवा बुडबुडे असतील, तर त्यांचीही भर प्लेटलेटमध्येच पडते. दोन लाखांत चार-पाच हजारांची धूळ लपते, बारा हजारांत ती माणसाचं नशीब फिरवते.

हे सगळं कळूनही आपण पावसाळ्यात काय पाहतो? डेंग्यूची साथ. घरोघरी एकच विचारणा, "पेशी किती आल्या?" गावाकडे तर प्लेटलेटना सर्रास "पांढऱ्या पेशी" म्हणतात, आणि आपणही काउंटरवर उभं राहून "हो, पांढऱ्या पेशी कमी आल्यात" असं बोलून जातो. हे आपण तरी बोलू नये. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्यांचा आकडा त्याच रिपोर्टवर वर वेगळा छापलेला असतो. घरच्यांनी चुकून तो वाचला तर ४,००० पाहून त्यांचं काळीज थांबतं. मराठीत बिंबिका हा चांगला शब्द आहे, तो रुळला नाही. प्लेटलेट म्हणा, पण पांढऱ्या पेशी म्हणू नका.

एकाच दिवशी तीन लॅबमध्ये तीनदा मोजून ४२,०००, ३६,००० आणि ३९,००० आले, तर ते उतरणं नाही, चढणंही नाही. तीन वेगवेगळ्या मशीनचा आपापसातला फरक आहे तो. पण घरचे कागदावर आलेख काढत असतात. पपईच्या पानांचा रस दिला त्या दिवशी तीन हजार वाढल्या, किवी खाल्ली त्या दिवशी दोन हजार, अशा वह्या मी पाहिल्या आहेत. त्या वह्या लिहिणाऱ्या आईला मी कधी हसले नाही. तिच्या हातात आपण दुसरं काही दिलंच नव्हतं.

डेंग्यूत माणूस जातो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून जात नाही. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो. आणि हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, एक-दोन दिवसांच्या खिडकीत. घरच्यांना वाटतं ताप गेला, बरं झालं. त्या वेळी पाहायचा आकडा हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत त्याचा. काल ३६ होता आणि आज ४४ झाला, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढला, तर प्लेटलेट साठ हजार असोत की वीस, त्या माणसाला ताबडतोब दवाखान्यात सलाइनवर घेतलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये धोक्याची लक्षणं सांगितली, त्यातही एकट्या प्लेटलेटचा आकडा नाही. हिमॅटोक्रिट वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणं, असं दोन्ही मिळून आहे. जोडीला पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी किंवा बेचैनी. हिमॅटोक्रिट आपल्याच मशीनने मोजलेला असतो. तो रिपोर्टच्या मधल्या ओळीत गर्दीत हरवतो, आणि प्लेटलेट लाल अक्षरांत झळकतात. डेंग्यूच्या रुग्णाचा रिपोर्ट बनवताना हे दोन आकडे शेजारी शेजारी, कालच्या आकड्यांसह छापले, तर कितीतरी डॉक्टरांचं आणि घरच्यांचं लक्ष योग्य जागी जाईल. याला नवं मशीन लागत नाही.

बाटली चढवण्याचा निर्णय आपला नाही, डॉक्टरांचा. पण रक्तपेढीबाहेर रात्री दोन वाजता उभे असलेले नातेवाईक आपल्याच आकड्याने तिथे आलेले असतात, म्हणून लिहिते. सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या ३७२ मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली, ती २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, अशा रुग्णांत निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. चढवल्याने रक्तस्राव टळला नाही; उलट अंगावर पित्त उठण्यापासून पुढचे त्रास त्याच गटात जास्त झाले. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खालीच चढवण्याचा विचार सांगतात. प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलवत, पाचच दिवस ठेवता येतात. त्या पाच दिवसांच्या बाटलीची वाट केमो घेणारं एखादं लेकरू पाहत असतं, ज्याच्या हाडांच्या मगजात त्या तयारच होत नाहीत. साथीच्या महिन्यात तीस हजारांच्या धडधाकट तरुणाला ती गेली, की त्या लेकराच्या बापाला दुसऱ्या शहरात जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं खरं, पण साथीत दिवसाला दोनशे सॅम्पल येतात, पॅथॉलॉजिस्ट संध्याकाळी तासभर येतात, आणि डॉक्टरांचा फोन दर दहा मिनिटांनी, "रिपोर्ट झाला का?" मला ठाऊक आहे. मी त्याच खुर्चीवर बसले आहे. म्हणून सगळ्यांची स्लाइड पाहा असं म्हणत नाहीच. कोणत्या सीबीसीची स्लाइड पाहायची याचे एकेचाळीस नियम आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००५ मध्ये एकत्र बसून छापले आहेत. ते सगळे पाळा असंही म्हणत नाही. पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आलेला, मशीनने गुठळ्यांचा इशारा दिलेला, आणि आधीच्या रिपोर्टपेक्षा एकदम उतरलेला, एवढेच. कालच ज्याची स्लाइड पाहिली त्या डेंग्यूच्या रुग्णाची आज पुन्हा नको. पावसाळा सोडला तर लहान लॅबमध्ये हे दिवसाला चार-पाच भरतात. साथीत जास्त भरतील, हे कबूल. पण एका रुग्णामागे एकदाच. स्लाइड आणि लिशमनचे काही रुपये, रंगवायला पंधरा मिनिटं, पाहायला तीन.

पाहायचं कसं हे विसरला असाल तर, आधी दहाच्या लेन्सवर फिल्मची शेपटी आणि कडा. गुठळ्या तिथेच पळतात. मग ऑइल लावून, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम शिवतात अशा जागी दहा फील्ड. एका फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी गुणिले पंधरा हजार. काही जण वीस हजार धरतात; ते तुमच्या मायक्रोस्कोपच्या फील्डवर अवलंबून असतं, म्हणून एखाद्या रविवारी वीस नॉर्मल रक्तं घेऊन तुमचा स्वतःचा गुणक काढून भिंतीला लावा. मशीन म्हणतं तीस हजार आणि फील्डला बारा-पंधरा दिसतात, तर मशीन चुकतंय. गुठळ्या दिसल्या तर आकडा छापूच नका. "गुठळ्या आहेत, मशीनचा आकडा विश्वासार्ह नाही, सायट्रेटमध्ये पुन्हा नमुना द्यावा" असं लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. निळ्या ट्यूबमध्येही काही जणांच्या चिकटतात. तेव्हा बोटाला टोचून थेट ऑक्झलेटमध्ये घ्या आणि जुनं चेंबर कपाटातून काढा. आणि दुसऱ्या ट्यूबची वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना सांगा, की रक्त ट्यूबमध्ये चिकटलं म्हणून पुन्हा घेतोय, आजार वाढला म्हणून नाही. हे वाक्य ऐकल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे उतरतं, ते पाहायला मिळणं हा आपल्या कामातला फार मोठा मोबदला आहे.

ज्यांचा गुठळ्यांचा प्रकार पक्का झाला, त्यांना एक चिठ्ठी द्या: "ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात, सायट्रेटमध्ये मोजाव्यात." माझ्या भाचीने ती लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवली आहे. दुसऱ्या खेपेला तिने ती पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवली, आणि त्या लॅबमधल्या मुलीने न विचारता निळी ट्यूब उचलली.

सही करणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगते, कारण त्यांचा अधिकार मोठा आहे. स्लाइड न पाहता सही होत असेल, किंवा सहीचं चित्र आपोआप उमटत असेल, तर पहिल्यांदाच कमी आलेल्या काउंटपुरतं तरी ते बंद करा. तुम्ही लांब असाल तर टेक्निशियनला फोनवरून स्लाइडचा फोटो पाठवायला सांगा. गुठळी फोटोतही दिसते. आणि लॅबच्या चालकांनो, बाहेरून येणाऱ्या गुणवत्ता चाचणीत भाग घेत असाल तर उत्तम. दिल्लीच्या एम्सकडून रक्ततपासणीसाठी तशी योजना चालते, तिच्यात स्लाइडही पाठवतात. पण तिथला नमुना नीट तपासणं आणि मंगळवारी दुपारी आलेल्या गरोदर बाईचा नमुना नीट तपासणं, या दोन्हीला एकच मायक्रोस्कोप लागतो. तो झाकून ठेवू नका.

भाचीची ती पहिली स्लाइड मी त्या मुलाकडून मागून घेतली होती. जपून ठेवली आहे, अजून रंग गेलेला नाही. तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात टेक्निशियन मंडळींची बैठक असेल, नव्या मुलामुलींना स्मिअर ओढायला, शेपटी वाचायला शिकवायचं असेल, तर बोलवा. एसटीने येईन. येताना ती स्लाइड घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ